हिराबाईंच्या ट्रेलरचं पाणी

"मॅडम, आईच्या डोक्याला शॅम्पू लागलाय आणि पाणी गेलं. काय करू, पटकन सांगा."

निलेशचा फोन आला तेव्हा मी अंबरनाथला आमच्या शेडमध्ये एका नव्या गाडीच्या सिंकखाली डोकं घालून पडले होते. मी त्याला म्हटलं, आधी घरातून बादलीभर पाणी नेऊन दे, बाकीचं मग बघू. हे सांगायला सर्व्हिस इंजिनिअर लागत नाही, पण घाबरलेल्या माणसाला एवढंही सुचत नाही.

मी ट्रॅव्हल ट्रेलर बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात सर्व्हिस बघते. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे चाकांवरची खोली. तिला स्वतःचं इंजिन नसतं, जीपच्या मागे जोडून न्यायची. आत झोपायला जागा, छोटा ओटा, सिंक आणि एक बाथरूम. आमची शेड एमआयडीसीत, मोरिवलीच्या अंगाला आहे. मालक घनश्याम शेठ उल्हासनगरचे. त्यांचं घराणं फर्निचरच्या धंद्यातलं, त्यामुळे आमच्या गाड्यांतली कपाटं बघत राहावीत अशी असतात. पाण्याचं सगळं माझ्याकडे. आधी मी पंपांच्या कारखान्यात नोकरी केली. तिथले पंप उचलायला क्रेन लागायची. इथला पंप माझ्या पर्समध्ये मावतो, पण नखरे तेवढेच करतो.

निलेश चामटोलीचा. जागेचे व्यवहार करतो, दोन जेसीबी भाड्याने देतो. त्याने ट्रेलर घेतला तो फिरायला जायची हौस म्हणून नाही. आईसाठी घेतला. त्याची आई हिराबाई. एका ऑपरेशननंतर तिला घडीघडी बाथरूमला जावं लागतं. लागल्यावर थांबता येत नाही. रस्त्यात कुठे जायचं, कसं जायचं, या भीतीने तिने घराबाहेर पडणं बंद केलं होतं. लग्नं चुकवली, बारशी चुकवली. लोकांना कारणं सांगितली, खरं कारण कोणाला सांगितलं नाही. तिची धाकटी बहीण यमुना मुरुडकडे दिलेली. ती घसरून पडली, कमरेचं हाड मोडलं आणि अंथरुणाला खिळली. ती येऊ शकत नाही, ही जाऊ शकत नाही. दोघी रोज फोनवर बोलतात आणि फोन ठेवला की हिराबाई रडते, असं निलेशने मला ऑर्डर देतानाच सांगितलं होतं. हे सांगताना तो आमच्या शेडच्या पत्र्याकडे बघत होता.

गाडी घरी गेल्यावर हिराबाईने एकच अट घातली. आधी अंगणात वापरून बघीन. भरवसा वाटला तर मुरुडला जाईन. ती रोज आंघोळीला ट्रेलरमध्ये जायला लागली. आणि येत्या रविवारी निघायचं ठरलेलं असताना हा शॅम्पूचा प्रकार झाला.

दुपारी मी स्कूटरवरून चामटोलीला पोचले. घर रस्त्यापासून आत, मागे भाताची खाचरं. ट्रेलर पत्र्याच्या मांडवाखाली उभा होता. हिराबाई पायरीवर केस वाळवत बसली होती. साठीच्या पुढची, ठेंगणी, नऊवारी नेसलेली. तिने माझ्याकडे बघितलं आणि तोंड वळवून चहा टाकायला आत गेली. रुसलेलं गिऱ्हाईक मला चालतं. गोड बोलणारं परवडत नाही.

ट्रेलरमधल्या पाण्याची व्यवस्था साधी असते. बेडखाली प्लास्टिकची टाकी. टाकीतून पाइप पंपाकडे, पंपातून नळांकडे. घरात टाकी गच्चीवर असते, म्हणून पाणी आपोआप खाली येतं. इथे टाकी खाली आणि शॉवर वर, म्हणून पंप. नळ उघडला की पाइपमधला दाब उतरतो, पंपाला ते कळतं आणि तो सुरू होतो. नळ बंद केला की दाब चढतो, पंप थांबतो. पंपाच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते, कचरा अडवायला. तिला स्ट्रेनर म्हणतात. बस, एवढंच.

पाणी येत नाही म्हटलं की पहिला प्रश्न, टाकीत पाणी आहे का? तुम्ही हसाल, पण निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. मी बाहेरच्या बाजूचं टाकीचं झाकण फिरवून काढलं, टॉर्च मारला. टाकी काठोकाठ भरलेली. त्यात नवल नव्हतं. उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत कोणाच्याही घरी जा, पिंप, बादल्या, कळश्या, तांबेसुद्धा काठोकाठ भरलेले मिळतील. पाणी आलं की भरून घ्यायचं, ही सवय आमच्या हाडात आहे. निलेशकडे बोअर आहे, टाकी आहे, तरी हिराबाई रोज सकाळी स्वतः पाइप लावून ट्रेलर भरायची. सांडेपर्यंत भरायची आणि झाकण गच्च आवळायची.

मी झाकण साखळीवर लोंबतं ठेवून आत गेले. शॉवर उघडला. पाणी धो धो. बॅटरी तपासली, उत्तम. स्ट्रेनर काढला, त्यात दोन-चार प्लास्टिकचे तुकडे होते, नवीन गाडीत असतातच. धुऊन लावला. अर्धा तास सगळे नळ चालवले. पाणी एकदाही अडलं नाही. मी निलेशला स्ट्रेनर दाखवला, कचरा होता म्हणून सांगितलं, झाकण लावलं, चहा घेतला आणि निघाले. येताना बदलापूर गावात थांबून पेरू घेतले. काम झाल्यावर मी स्वतःला काहीतरी खायला घेते, जुनी खोड आहे.

पेरू पचायच्या आत, दुसऱ्या सकाळी फोन. पुन्हा तेच. थोडा वेळ पाणी चांगलं येतं, मग बारीक होतं, मग बंद. पंप मात्र ओरडत राहतो. तासाभराने बघितलं तर पुन्हा थोडं येतं.

घनश्याम शेठ बाजूलाच उभे होते. ते म्हणाले, "मॅडम, नवा पंप टाकून या ना. कशाला डोकं खपवायचं? कस्टमर खुश, आपण खुश."

मला पार्ट बदलणारे लोक आवडत नाहीत. डॉक्टरने ताप आला म्हणून डोकं बदलावं, तसं ते आहे. पण रविवार जवळ येत होता आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं. मी नवा पंप घेऊन गेले. पोचल्यावर सवयीप्रमाणे आधी झाकण उघडून पाणी बघितलं. भरपूर होतं, झाकण तसंच लोंबतं ठेवलं. जुना पंप चालवून पाहिला तर तो मुकाट्याने चालला. तरी मी बदलला. पाइपाचे सगळे जोड पुन्हा आवळले, कारण जोडातून हवा खेचली गेली तरी पाणी तुटतं. पुन्हा अर्धा तास चाचणी. पुन्हा सगळं सुरळीत. निलेश खूश झाला. हिराबाई मात्र दारात उभी राहून पंपाकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

शुक्रवारी सकाळी निलेशचा फोन आला तेव्हा तो नेहमीसारखा बोलत नव्हता. पाणी पुन्हा गेलं होतं आणि आईने बॅग परत कपाटात ठेवली होती. मी येते म्हटलं तर म्हणाला, या, पण ती आता ऐकायची नाही.

खरं सांगते, त्या दिवशी स्कूटर चालवताना मला वाईट वाटत होतं आणि रागही येत होता. पंप आणि मी यांच्यात भांडण असेल तर ते आम्ही दोघांनी मिटवावं, मध्ये त्या बाईची बहीण का यावी?

हिराबाई ओट्यावर बसून वालाच्या शेंगा सोलत होती. मला बसायला सांगितलं. मी बसले आणि शेंगा सोलायला घेतल्या. तीच बोलली.

"मना नाय जाचा, बाय. हितं अंगनात असा झाला त मी घरात येतंय. रस्त्यात झाला त कुटं जाऊ? चारचौघांत मान खाली घालून बसाची मना सवय हाय, पन पोराला नको."

मी म्हटलं, "मावशी, एकदा शेवटचं बघू द्या."

"बघ ना. तू बघतंस तवा बरा चालतंय. तू आयलीस का पानी येतंय, तू गेलीस का बंद. तुला बघून लाजतंय का काय ते?"

ती थट्टा करत होती. पण माझा हात शेंगेवरच थांबला. कारण ती म्हणत होती ते शब्दशः खरं होतं. तिसऱ्यांदा आले होते, दोनदा मी असताना बिघाड दिसलाच नव्हता. मग मी आल्यावर असं काय करते, जे ही माणसं करत नाहीत? पंपाला हात लावायच्या आधी, बॅटरी बघायच्या आधी, पहिलं काय करते?

झाकण उघडते.

मी उठले आणि पर्स तिथेच ठेवली. हिराबाईला म्हटलं, मावशी, आज मी कशाला हात लावणार नाही. तुम्ही रोज सकाळी करता तसं सगळं करा. टाकी भरा, झाकण लावा, शॉवर सोडा. मी नुसती बघत उभी राहते. तिला ते विचित्र वाटलं असावं, पण पदर खोचून ती कामाला लागली. पाइप लावून टाकी सांडेपर्यंत भरली. झाकण दोन्ही हातांनी आवळलं. आत जाऊन शॉवर सोडला. मी बेडची फळी उचलून टाकीशेजारी जमिनीवर बसले.

पाणी आलं. छान आलं. मग जरा बारीक झालं. पंपाचा आवाज बदलला, घसा बसल्यासारखा. आणि माझ्यासमोर टाकीची बाजू हळूहळू आत जायला लागली. उपाशी माणसाचं पोट खपाटीला जातं तशी. शॉवरमधून थेंब थेंब पडायला लागलं. टाकीत पाणी होतं, पंप चालू होता, आणि नळ कोरडा.

मी धावत बाहेर गेले आणि झाकण सैल केलं. सुऽऽ करून हवा आत घुसली, आतून टाकीचा धप्प आवाज आला आणि शॉवर पुन्हा वाहायला लागला. बाथरूममधून हिराबाई ओरडली, आलं.

आता कारण सांगते. तुम्ही ज्यूसच्या डबीला स्ट्रॉ लावून जोरात ओढलंत की डबी चपटी होते आणि ज्यूस यायचा थांबतो. टाकीचंही तेच. पंप पाणी ओढतो तेव्हा त्या पाण्याच्या जागी हवा यावी लागते. ती येण्यासाठी टाकीला वरून एक बारीक नळी असते, बाहेर उघडणारी. तिला व्हेंट म्हणतात. व्हेंट बंद असेल तर हवा येत नाही, टाकी आत ओढली जाते आणि पंपाचं काही चालत नाही. टाकी अर्धी असती तर आतली हवा थोडा वेळ पुरली असती. इथे काठोकाठ भरलेली, त्यामुळे दोन बादल्यांतच दम तुटायचा. मग कुठून तरी फटीतून हवा झिरपायची आणि तासाभराने थोडं पाणी यायचं. आणि मी दर वेळी येऊन आधी झाकण उघडत होते. म्हणजे बिघाड शोधायच्या आधीच दुरुस्त करत होते आणि निघताना पुन्हा तयार करून जात होते.

आमच्या गाड्यांत व्हेंटचं तोंड मागच्या बाजूला असतं, स्टेपनीच्या मागे, लगेच दिसत नाही. मी स्टेपनीचं कव्हर काढून आत हात घातला. बोटांना गाठोडं लागलं. नळीच्या तोंडावर जुन्या साडीचं फडकं दुमडून बसवलेलं, त्यावर दुधाच्या पिशवीचा तुकडा आणि त्याच्यावरून सायकलच्या ट्यूबची पट्टी. इतकं घट्ट बांधलेलं की माझी नखं दुखली. बांधणारीने मन लावून बांधलं होतं.

मी ते हातात घेऊन वळले तर समोर हिराबाई आणि निलेश दोघेही उभे. ते फडकं कोणाच्या साडीचं आहे हे निलेशने ओळखलं.

"आई, तू बांधलंस हे?" तो म्हणाला. "आणि मी या मॅडमना रोज फोन करतोय."

हिराबाईचा चेहरा उतरला. तिने सांगितलं ते असं. मच्छरांची तपासणी करणाऱ्या बाया घरी आल्या होत्या. आमच्याकडे येतातच, पिंपात बॅटरी मारून अळ्या बघतात आणि संडासाच्या टाकीच्या पाइपाला फडकं बांधायला सांगतात. हिराबाईने त्या पाइपाला बांधलं. मग गाडी पुसताना तिला मागे ही उघडी नळी दिसली. तिने वाकून आत बोट घातलं, आतून ओलसर लागलं. ही पिण्याच्या पाण्याची, म्हणून तिला जास्त काळजी. नुसत्या फडक्याने भागेल असं तिला वाटेना, म्हणून वर प्लास्टिक.

"म्हंजे सगला मीच केला," ती म्हणाली. "मीच येडी. नको ती गाडी. परत नेऊन टाक."

आता दुरुस्ती झाली होती आणि नेमकं तेव्हाच सगळं हातातून चाललं होतं. मुलगा रागावलेला, आई शरमलेली. मी मध्ये पडले, आणि तिला बरं वाटावं म्हणून नव्हे, ते खरंच होतं म्हणून बोलले.

"निलेश, थांब जरा. मावशी, तुमचं फडकं बरोबर होतं. त्या नळीला बारीक जाळी हवीच. ती आम्ही बसवायला हवी होती, बसवली नाही. उघड्या नळीतून मच्छर गेलाच असता. तुमचं चुकलं ते फक्त प्लास्टिक. टाकीलाही श्वास घ्यावा लागतो."

हिराबाईने यावर विचार केला. निलेश पुन्हा काही बोलणार होता, तिने हाताने त्याला गप्प केलं.

"म्हंजे अर्धी चूक तुमची, अर्धी माजी."

"बरोबर."

"मग जाली लाव."

माझ्या बॅगेत स्ट्रेनरची जादा जाळी होती. तिचा तुकडा कापला, दुहेरी केला, नळीवर क्लिपने आवळला. मी निघायला लागले तर हिराबाई म्हणाली, कुटं चाललीस. तिने पुन्हा पाइप लावला, टाकी काठोकाठ भरली, झाकण स्वतः आवळलं, शॉवर सोडला आणि प्लास्टिकची खुर्ची आणून बाथरूमच्या दारात ठाण मांडून बसली. मला दुसरी खुर्ची दिली. अख्खी टाकी रिकामी होईपर्यंत आम्ही दोघी तिथे बसलो. पाणी खाली अळूच्या वाफ्यात जात होतं. मध्येच ती बहिणीबद्दल बोलायला लागली. लहानपणी दोघी मिळून शेतावर न्याहारी घेऊन जायच्या, यमुना अर्ध्या वाटेत पाय दुखतात म्हणून बसायची आणि ही तिला पाठुंगळी घ्यायची. आता तीच पडली आहे आणि मी उचलायला जाऊ शकत नाही, असं ती म्हणाली. मी शॉवरकडे बघत राहिले आणि मनातल्या मनात त्याला म्हटलं, बाबा, आज थांबू नकोस.

तो थांबला नाही. शेवटी पंपाने खोकल्यासारखं केलं आणि धार तुटली. हिराबाईने माझ्याकडे झटकन बघितलं. मी टाकीवर टकटक करून दाखवलं. या वेळी ती खरोखर रिकामी होती.

हिराबाई उठली, घरात गेली. मला वाटलं, चहा. पण आतून तिचं फोनवरचं बोलणं ऐकू आलं. "यमे, आयतवारी घरी ऱ्हा," ती म्हणत होती, आणि मग तिच्याच लक्षात आलं की यमुना जाणार तरी कुठे. ती हसली. निलेश अंगणात तोंड फिरवून उभा होता.

सोमवारी मी शेठना सगळं सांगितलं. ते गालात हसले, मग म्हणाले, जाळी सगळ्या गाड्यांना लावा, जुन्यांनाही बोलवून लावा. काढलेला पंप त्यांनी परत बेंचवर ठेवला. त्याला काहीच झालेलं नव्हतं. त्या बिचाऱ्यावर मी उगाच आळ घेतला होता.

त्याच दुपारी मुरुडहून फोन आला. हिराबाई स्वतः बोलत होती. रस्त्यात गाडी थांबवायला सांगितली तेव्हा कोणी काही विचारलं नाही, ती गेली, आली आणि परत पुढे बसली. तिथे ट्रेलर बहिणीच्या अंगणात लावला. यमुनाला चौघांनी खुर्चीसकट उचलून आत बसवलं. हिराबाईने गरम पाणी सोडून स्वतःच्या हातांनी तिचे केस धुतले. कित्येक महिन्यांत नीट धुतले नव्हते, असं ती म्हणाली. आणि मला विचारलं, इथे अजून थोडे दिवस राहिलो तर चालेल ना, गाडीला काही होणार नाही ना.

मी म्हटलं, खुशाल राहा.

आता कुठूनही तक्रार आली की मी आधी हात मागे बांधून उभी राहते आणि म्हणते, तुम्ही रोज करता तसं करून दाखवा. लोकांना वाटतं मॅडमना काही येत नाही. वाटू दे. पाणी गेल्याशिवाय ते का जातं हे कळत नाही, आणि मी मध्ये लुडबूड केली तर ते जात नाही.